किती दिवस जाईल?

आधीचा फोन फुगला.
म्हणजे खरोखरच फुगला. बॅटरी मागचं झाकण उचलून
बाहेर डोकावू लागली,
तेव्हा मी त्याला पांढरं रबर लावलं,
लसीच्या कार्डांच्या गठ्ठ्याला लावते तसलं,
आणि अजून चार महिने ओढला.
एक फोटो काढायचा तर आधी एक पुसायचा.
कोणाचं लेकरू पुसू, ते सांगा.

मग ॲपच म्हणालं, या फोनवर आता चालणार नाही.
तलाठ्यासारखं. मान वर न करता.

मोबदल्याचे साचवलेले साडेअकरा हजार
कापडी पिशवीत, पिशवी पर्समध्ये, पर्स काखेत,
अशी लाखांदूरच्या बाजाराला गेले.
दुकानातला पोरगा प्रज्योत,
गोवराच्या लसीला मीच नेला होता त्याला,
उपकेंद्राच्या पायरीवर लोळला होता.
आता मिशी आहे.
म्हणाला, मावशी, पन्नास मेगापिक्सेल!
मी म्हटलं, मले पाळण्यातलं लेकरू काढाचं आहे बाप्पा,
चंद्र नाही.
म्हणाला, गेम मस्त चालते.
मी म्हटलं, हा किती दिवस जाईल?

हे त्याच्या पाठांतरात नव्हतं.
मी कुकरला विचारते, छत्रीला विचारते,
मुलगी असती तर जावयालाही विचारलं असतं.
त्यानं खोका चारही बाजूंनी फिरवला.
खोक्यावर सगळं होतं,
फोनचं वय नव्हतं.

म्हटलं, ठेव बाजूला. येते.

रस्त्याच्या पलीकडे जमीलभाईची टपरी.
डोळ्याला भिंग, हातात चिमटा,
समोर कोणाचा तरी फोन पोट उघडून पडलेला.
कोणता घेऊ, असं मी विचारलंच नाही.
विचारलं, तुमच्याकडे कोणते येऊन मरतात?
त्यांनी खालचा खण ओढला.
कुलुपं लागलेल्या घरांची गल्ली असावी तसा खण,
एकाही खिडकीत दिवा नाही.
ताई, म्हणाले, पडतात तं सगळेच.
पाहाचं हे, का उठतात कोणते.
ज्याचा डिस्प्ले नागपूरवरून दोन दिवसांत येते,
ज्याचं चार्जिंगचं तोंड मी इथंच बदलून देतो,
थो घ्या. अन् मागच्या सालचा घ्या.
नव्याचे रोग अजून कोणालेच माहीत नाहीत.
रॅम मात्र कमी घेऊ नका, म्हणाले,
चमक कमी असली तं चालते.

परत आले. मागच्या सालचा काढायला लावला.
भर दुपारी रस्त्यावर नेऊन उन्हात धरला,
प्रज्योत मागे धावत, मावशी, मावशी.
दिसला. पांदणीवर उभी राहून नाव वाचता येईल एवढा दिसला.
अंगठा मात्र घेईना.
वीस वर्षं बिडीचं पान वळून
माझ्या अंगठ्यावरच्या रेघा गेल्या आहेत,
रेशनचं यंत्रही मला ओळखत नाही.
चौथ्यांदा त्यानं ओळखलं.
तेवढ्यावर मी त्याला माफ केलं.

प्रज्योतनं शेवटी शोधून सांगितलं,
सुरक्षेचे अपडेट अजून तीन वर्षं.
दहा हजार चारशे. वर काच, वर काळं कव्हर.
गुलाबी दाखवत होता. नको म्हटलं.

पहिला फोटो गायधनेंच्या सुनेच्या मुलीचा,
मंगळवारी जन्मली,
वजनकाट्याच्या झोळीत, दोन किलो चारशे,
मूठ आवळून, जगावर रागावून.
मी बोटं मोजली.
नऊ महिन्यांचा डोस, हा फोन असेल.
सोळा महिन्यांचा, असेल.
तीन वर्षांनी अपडेट थांबतील,
तेव्हा ती अंगणवाडीत भाताचं ताट सांडत असेल.
पाचव्या वर्षीच्या डोसाला
बाही धरून शाळेमागे लपेल,
आणि मला तिला याच फोनमध्ये पकडायचं आहे.
तोपर्यंतचं जमीलभाई पाहतील.

तिची आजी म्हणाली, नवा घेतला वाट्टे?
म्हटलं, नाही बाई, मागच्या सालचा.
मंग बरं, म्हणाली ती, आणि मुलीचं टोपडं सारखं केलं.

पांढरं रबर टाकलं नाही.
मनगटात आहे.